आधी अंतर, मग ओळख

चिंगी मुळातच भित्री. रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी कुत्री, वय आता सात वर्षं. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, दिवाळीचे चार दिवस बाथरूममध्ये. अशा घरात आम्ही दोन महिन्यांचा बंड्या आणला, तेही ‘तिला सोबत होईल’ म्हणून. चिंगीने सोबत मागितली नव्हती, ही हौस आमचीच.

भित्र्या कुत्र्याचा दिवस अंदाजांवर उभा असतो. फिरायला कधी निघायचं, भांडं कुठे ठेवलं जातं, दुपारी कोणता कोपरा आपला, हे ठरलेलं असलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. पिल्लू नेमकं हेच मोडतं. ते झोपलेल्याच्या अंगावर चढतं, शेपूट ओढतं आणि सुईसारख्या दुधाच्या दातांनी कान चावतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मैत्रीचा विषयच काढू नये. मोठ्याला हवं तेव्हा उठून लांब जाता येतंय ना, एवढंच बघावं.

ओळख नाकापासून सुरू करावी. पिल्लू यायच्या दोन-चार दिवस आधी त्याच्या अंगाखालचं फडकं आणून घरात एका बाजूला टाकावं. मोठ्याच्या नाकाशी धरू नये. ते आपणहून येऊन हुंगेल, निघून जाईल, पुन्हा येईल. पिल्लू दारात उभं राहील तेव्हा निदान वास तरी नवा नसेल.

पहिली भेट घराबाहेर, दोघांपैकी कुणाचाच हक्क नसलेल्या जागी व्हावी असं सांगतात. ते खरंच आहे, पण इथे एक पेच येतो. पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक असं करत साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडणं धोक्याचं. आम्ही इमारतीची गच्ची निवडली, कारण तिथे इतर कुत्री येत नाहीत. एकाने चिंगीचा पट्टा सैल धरला, दुसऱ्याने बंड्याचा. दोघांना समोरासमोर न आणता, मध्ये बरंच अंतर ठेवून एकाच दिशेने चालवलं. समोरून थेट चालून येणं कुत्र्यांच्या रीतीत उद्धटपणाचं असतं. शेजारून चालताना मात्र वासही येतो आणि मान वळवायची मोकळीकही राहते.

घरात आल्यावर सगळ्यात उपयोगी पडलं ते खोलीच्या दाराला लावलेलं जाळीचं फाटक. पिल्लू दिसतं, त्याचा वास येतो, पण ते अंगावर येऊ शकत नाही. दोघांची खाण्याची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवली. चिंगीची गोधडी आणि पलंगाखालची जागा बंड्याला बंद. खेळणी आणि हाडं दोघं एकत्र असताना उचलून ठेवायची. भांडणं बहुतेक याच गोष्टींवरून पेटतात. आणि माणसावरूनही, हे आपल्या लक्षात उशिरा येतं.

आता मुख्य काम. पाव्हलॉव्हची कुत्री आणि घंटा आपण शाळेत शिकलेलो असतो, पण त्यातला क्रम विसरतो. आधी घंटा, मग खाणं. इथे आधी पिल्लू दिसलं पाहिजे आणि मग लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा यायला हवा. पिल्लू दिसेनासं झालं की चिकनही बंद. क्रम उलटला, तर चिकन दिसताच ‘आता तो येणार’ म्हणून कुत्रं धास्तावतं. अंतर किती ठेवायचं? कुत्रं तुकडा सहज खातंय, इतकं. जे एरवी हावरटासारखं खातं त्याने तुकड्याकडे पाहिलंही नाही, तर आपण फार जवळ आणलंय. मागे सरकावं. अशी दोन-तीन मिनिटांची सत्रं दिवसातून काही वेळा पुरतात. तासभर ‘सवय लावणं’ हा छळ होतो.

यासाठी मोठ्याचं अंग वाचता यायला हवं. झोप नसताना जांभई, तोंडात काही नसताना जिभल्या चाटणं, तोंड फिरवणं: नॉर्वेच्या तुरिड रुगोस या प्रशिक्षिकेने या खुणांना ‘शांतवणाऱ्या खुणा’ असं नाव दिलं. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला किंवा कुत्रं एकदम ताठरलं, तर पिल्लाला हाक मारून बाजूला न्यावं.

आणि गुरगुरण्याबद्दल रागावू नये. आमच्या घरी पहिल्याच दिवशी ही चूक झाली. चिंगी गुरगुरली आणि मी ‘ए, गप!’ म्हणून ओरडलो. ती गप्प झाली, भीती मात्र तशीच राहिली. ज्याला गुरगुरायची बंदी होते ते कुत्रं एक दिवस सूचना न देता चावतं. एकदा गुरगुरल्यावर पिल्लू मागे हटलं, तर तो त्याला मिळालेला धडाच आहे. ते हटत नसेल, तर हटवायचं काम आपलं.

पिल्लाच्या झोपेचाही उपयोग करून घ्यावा. एवढं लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, आणि झोप कमी पडली की जास्त चावतं. बंड्या फाटकामागे झोपला की तो वेळ सगळा चिंगीचा: तिची एकटीची फेरी, तिचं डोकं मांडीवर.

मोठ्याने खाणं सोडलं, ते सतत लपून राहिलं किंवा खरोखर चावलं, तर पशुवैद्याकडे जावं. सांधेदुखीसारखं दुखणंही चिडचिडीमागे असू शकतं. भीती फारच असेल तर ते औषधही देतात. आपल्या गोळ्या मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत.

आज चार महिने झाले. दोघं एका गोधडीवर झोपत नाहीत. दुपारी बंड्या हॉलमध्ये लोळतो, चिंगी दोन हात लांब पाय पसरून पडते, आणि शिट्टी झाली तरच पलंगाखाली जाते. फाटक आम्ही अजून काढलेलं नाही.