मोगलीला लांडग्यांनीच का सांभाळलं?

रविवारी सकाळी आंघोळी उरकून, केस ओलेच ठेवून पोरं टीव्हीपुढे फतकल मारून बसायची, ते १९९३ साल. दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाजांनी चाल लावलेलं ते शीर्षकगीत ऐकू आलं की गल्लीतला क्रिकेटचा डाव जिथल्या तिथे थांबायचा, आणि शेरखानाने तोंड उघडलं की आमचा धाकटा हळूच माझ्या पाठीमागे सरकायचा, कारण तो आवाज होता नाना पाटेकरांचा. आता त्या धाकट्याची लेक शाळेत जाते, आणि त्याने कुठून कुठून शोधून त्या मालिकेच्या डीव्हीडी पैदा केल्यात, तेव्हा सध्या जेवणं आटोपली की आमच्या बैठकीत रोज मोगली अवतरतो. चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं, दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या, रंग जरा विटलेले. पण नातीला त्याचं काही वाटत नाही, आणि मलाही नाही.

मालिका घडवली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीने, १९८९ साली, ५२ भागांची. मूळ गोष्ट किपलिंगची. हा गृहस्थ जन्मला १८६५ साली आपल्या मुंबईत, आणि ‘जंगल बुक’ लिहायला बसला तो अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, जिथे हिवाळ्यात दारापुढे बर्फाचे ढीग साचतात. तिथे बसून त्याने कागदावर उतरवलं कुठलं रान, तर सिवनीचं, वैनगंगेच्या काठचं! तीच वैनगंगा, जी सिवनीकडून निघते आणि आमच्या भंडाऱ्यावरून, पवनीवरून खाली गडचिरोलीकडे जाते. पेंचचं जंगल तर थोडं मध्य प्रदेशात, थोडं आपल्या नागपूर जिल्ह्यात. म्हणजे सातासमुद्रापलीकडून फिरून आलेली ही गोष्ट आमच्या पांदणीच्या टोकाशीच घडलेली.

तर परवा भाग चालू असताना मधेच नातीने विचारलं, “आबा, मोगलीला लांडग्यांनीच का घेतलं? बल्लूने का नाही सांभाळलं? नाहीतर बगीराने?” प्रश्न एवढासा, पण त्याच्या मागे निघालं की अख्खं रान पालथं घालावं लागतं. मी टीव्ही थांबवायला सांगितलं.

शेरखानाला सोडूनच देऊ. वाघाच्या घरात सगळा भार आईवर. वाघीण दीड-दोन वर्षं एकटी शिकार करून पिल्लं वाढवते, आणि परक्या नराने मुलूख बळकावला तर आधीच्या नराची पिल्लं तो बहुधा जगू देत नाही. बगीराचंही तेच, बिबट्याची मादीही एकटीच. मात्र बगीराचा तो काळा रंग काही वेगळ्या जातीचा नव्हे. ठिपकेदार आईबापांच्या पोटीही काळं पिल्लू येतं, दोघांनी तो गुण अंगात दडवून ठेवलेला असला म्हणजे झालं. आणि तिरपं ऊन पडलं की त्या काळ्या कातडीवरसुद्धा ठिपके उमटलेले दिसतात, ते कुठे गेलेले नसतातच.

बल्लूपाशी मात्र जरा बसू या. मालिकेतला बल्लू मास्तर आहे, कायदा शिकवतो, पण रानातल्या अस्वलाची खरी विद्या त्याच्या तोंडात आहे. त्याला वरचे मधले दोन दात नसतातच. लांब, वाकड्या नख्यांनी तो वारूळ फोडतो, आत तोंड खुपसून आधी फूंऽऽ करून माती उडवून देतो, नाकपुड्या मिटून घेतो, लांब सैल ओठांची नळी करतो आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी अशी ओढतो, की कुणी बशीतला चहा फुरकावा. तो आवाज शंभर पावलांच्या पलीकडेही ऐकू येतो. आमच्याकडे चैतात बायका पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला रानात जातात, आणि मोह अस्वलालाही माणसाइतकाच प्यारा. माझी एक आत्या सांगायची, टोपली अर्धी भरली होती, फटफटायला लागलं होतं, आणि झाडापलीकडून कुणी तरी फुरके मारत असल्यासारखं वाटलं. ती बाई एक शब्द न बोलता, पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे सरत गेली. तिने नंतर म्हणे तीन दिवस टोपलीला हात लावला नाही. मग मात्र गेली, कारण मोह काही थांबत नाही.

पण पिल्लांच्या बाबतीत अस्वलीण फार मायेची. ऐन थंडीत गुहेत किंवा कपारीत पिल्लं होतात, डोळे मिटलेली, आणि दोन-अडीच महिन्यांनी बाहेर येतात ती आईच्या पाठीवर बसून! खांद्यांमधले ते लांब राठ केस पिल्लांनी मुठीत धरलेले असतात, चांगल्या जागेसाठी दोघांची ढकलाढकली चाललेली असते, आणि आई आपली वारुळं हुंगत पुढे चाललेली. पाठीवर पिल्लं वागवायची ही रीत अस्वलांच्या साऱ्या जातींत हिच्याच अंगवळणी पडलेली. नात म्हणाली, “मग मोगलीही बसला असता की पाठीवर!” बसलाही असता. पण अस्वलीणही एकटी. तिच्या घरात दुसरं पोर बघायला दुसरं माणूस नाही.

“आणि का अजगर?” हा प्रश्न तिने हसत विचारला, आणि मला त्याचीच वाट होती. मालिकेतला का नजरेने भुरळ घालतो. खऱ्या अजगराला भुरळ घालता येत नाही, पण त्याची मादी जे करते ते ऐकून पॅरिसच्या विद्वानांनी कानांवर हात ठेवले होते. १८३०च्या दशकात लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानातून परत गेला आणि तिथल्या विज्ञान अकादमीला सांगू लागला, की हिंदुस्थानातली अजगरीण अंडी उबवते. सापाचं रक्त थंड, तो ऊब कुठून देणार? त्याचं कुणी ऐकलं नाही. पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगरिणीने अंडी घातली, त्यांच्याभोवती वेटोळं केलं, आणि वालाँसिएन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने त्या वेटोळ्यात तापमापक सरकवला. पारा वर चढला होता.

युक्ती अशी, की अजगरीण कुडकुडते. आपल्याला थंडी वाजली की अंग जसं आपोआप थरथरतं, तसं ती स्नायूंना झटके देत राहते, जवळून पाहिलं तर सगळं वेटोळं थोड्या थोड्या वेळाने आचका खाताना दिसतं, आणि त्या कष्टातून निघालेली ऊब अंड्यांना मिळते. बाहेर गारवा वाढला की झटके वाढतात. हवेपेक्षा पाच-सात अंश जास्त ऊब ती राखू शकते, आणि हे चालतं सुमारे दोन महिने, पोटात अन्नाचा कण न घेता. एवढी मोठी अजगरीण त्यात हाडकुळी होऊन जाते.

“मग पिल्लं बाहेर आल्यावर?” नातीने विचारलं. मग काही नाही. दीड-दोन फुटांची पिल्लं अंडं फाडून निघतात आणि आपापल्या वाटेने जातात, आई आपल्या वाटेने. घास भरवणं तिच्या जातीत नाही. नातीला हे मुळीच आवडलं नाही.

आता लांडग्यांकडे या. पहिली गोष्ट म्हणजे आपला लांडगा दाट जंगलाचा रहिवासी नाही. तो माळरानाचा, सोलापूर, नगर, पुण्याकडच्या गवताळ पट्ट्यांचा, धनगरांच्या मेंढ्यांमागून फिरणारा. आज देशभरात ते तीनेक हजारच उरलेत, आणि ज्याला आपण पडीक म्हणून कागदावर लिहून टाकतो ते माळ हेच त्याचं घर, हे मला फार लागतं. दुसरी गोष्ट, गोष्टीतल्या टोळीचा म्होरक्या अकेला, त्याच्यासारखा लढून गादी मिळवलेला नायक प्रत्येक टोळीला असतो, ही समजूत. १९४७च्या सुमारास बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एकत्र कोंडून पाहिले, ते भांडले, आणि त्यावरून ती पसरली. अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती घरोघर नेली, आणि त्याच मीच यांनी रानात वर्षानुवर्षं लांडगे पाहून पुढे स्वतःच ती खोडून काढली. टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची थोरली-धाकटी पोरं. म्हणजे कुटुंबच.

आणि इथेच नातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लांडगीण विणीनंतर पिल्लांपाशी बसते, बाप शिकार आणतो, आणि गेल्या साली जन्मलेली भावंडंही राबतात. मांस पोटात साठवून मैलोन् मैल चालत येतात. पिल्लं धावत येऊन त्यांचे ओठ चाटतात, आणि तेवढ्या चाटण्यासरशी थोरला भाऊ पोटातलं अन्न त्यांच्यापुढे ओकतो. आपल्या पोटच्या नसलेल्याला घास देणारं घर हवं होतं किपलिंगला, आणि ते त्याने अचूक निवडलं. ठगांचा बीमोड करणाऱ्या स्लीमन साहेबाने तर लांडग्यांनी वाढवलेल्या पोरांच्या हकिकती १८५२ सालीच छापल्या होत्या, पण पक्का पुरावा त्यातल्या एकीलाही नाही. नसणारच, कारण लांडग्याचं पिल्लू दोन महिन्यांत दूध सोडतं आणि सहा महिन्यांचं झालं की टोळीबरोबर हिंडतं. माणसाचं बाळ तेव्हा कुठे बसायला शिकत असतं.

नातीने शेवटी एक अडचण काढलीच. “पण आबा, लांडगे नसते तर?” तर रानकुत्रे, मी म्हटलं. किपलिंगच्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये हे तांबडे कुत्रे म्हणजे निव्वळ संकट, सगळं रान त्यांच्यापुढून पळतं. ताडोब्यात पाहिलेत मी ते, शीळ घालून एकमेकांना बोलावणारे. त्यांनी चितळ पाडलं की मोठी कुत्री बाजूला होतात, पिल्लांना पुढे घेतात, आणि त्यांची पोटं भरेपर्यंत स्वतः तोंड लावत नाहीत.