जर्मनीत काम शोधण्याआधी

परदेशात नोकरी शोधणाऱ्या मराठी तरुणांच्या बोलण्यात आखाती देश, अमेरिका आणि कॅनडा यांच्या जोडीने गेल्या काही वर्षांत जर्मनीचे नाव वारंवार येऊ लागले आहे, आणि त्यामागे त्या देशाच्या लोकसंख्येचे साधे गणित आहे. पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून १९६४ साली साडेतेरा लाखांवर मुले जन्मली. आता तेथे वर्षाला सात लाखही जन्मत नाहीत. साठच्या दशकातील ती मोठी पिढी निवृत्त होऊ लागल्यामुळे रुग्णालयांत परिचारिका, कारखान्यांत तंत्रज्ञ आणि बांधकामावर वीजतंत्री कमी पडत आहेत. मनुष्यबळ टिकवायचे तर निघून जाणाऱ्यांची संख्या वजा जाता वर्षाला सुमारे चार लाख माणसे बाहेरून यायला हवीत, असा जर्मन रोजगार यंत्रणेच्या संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

गरज ओळखूनही त्या देशाने दार मात्र फार सावकाश उघडले. १९५५ पासून इटली, तुर्कस्तान इत्यादी देशांतून करार करून आणलेल्या कामगारांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले जाई, म्हणजे काम संपले की त्यांनी परतावे हे गृहीत होते, आणि १९७३ च्या तेलसंकटाबरोबर ही भरतीही थांबली. २००० साली संगणक क्षेत्रासाठी आणलेल्या ‘ग्रीन कार्ड’लाही पाच वर्षांची मुदत होती, ज्यांना कुटुंबासह स्थिरावायचे होते अशा अभियंत्यांना त्यात फारसे आकर्षण वाटले नाही, यात नवल नाही. खरा बदल झाला तो २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू कार्ड’ने, २०२० च्या कुशल कामगार स्थलांतर कायद्याने आणि २०२३ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्त्यांनी. भारताशी स्थलांतरविषयक करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांचा आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा झाली. हा आकडा व्हिसांचा आहे. तेवढ्या नोकऱ्या कोणी राखून ठेवलेल्या नाहीत, हे घोषणेच्या बातम्या वाचताना निसटून जाते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध थेट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी आहे आणि चाकणला मोटारी जुळवणारी मर्सिडीज व नाशिकला कारखाना असलेली बॉश या दोन्ही कंपन्या मूळच्या तिथल्याच. पुण्यात मॅक्समुलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांमुळे जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. तरीही करारामुळे जागी झालेली अपेक्षा आणि भाषा शिकायला लागणारा वेळ यांचा मेळ बसणे अवघड होते, कारण नोकरीपुरती जर्मन येण्यास नेटाने शिकणाऱ्यालाही वर्ष सहज लागते.

जर्मनीत काम शोधणे म्हणजे सर्वप्रथम आपले शिक्षण तिथल्या व्यवस्थेला वाचता येईल असे करणे होय, आणि बहुतेक उमेदवार नेमकी हीच पायरी शेवटी ठेवतात. या प्रक्रियेला ‘आनेरकेनुंग’, म्हणजे मान्यता, असे नाव आहे. तेथे व्यवसायांचे दोन गट पडतात. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक असे व्यवसाय नियमनाखाली येतात आणि मान्यतेशिवाय ते करताच येत नाहीत. भारतीय परिचारिकेला आधी अभ्यासक्रमांतील फरक भरून काढणारे प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा आणि सोबत साधारणपणे बी२ पातळीची जर्मन, एवढे पार करावे लागते. युरोपातील भाषापातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा आहेत आणि बी२ म्हणजे रुग्णाची तक्रार, सहकाऱ्याची सूचना व औषधांची नोंद या तिन्ही गोष्टी अडखळल्याविना कळण्याची पातळी. संगणक क्षेत्रातील बहुतांश कामे मात्र नियमनाबाहेर आहेत. तेथे पदवीची तुलना पुरेशी असते आणि त्यासाठी ‘आनाबिन’ नावाची सरकारी माहितीसूची पाहावी लागते, जिच्यात आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असा शेरा असणे आणि आपली पदवी जर्मन पदवीशी तुल्य म्हणून नोंदलेली असणे, या दोन्ही गोष्टी तपासायच्या असतात. पहिलीच पाहून निश्चिंत होणारे बरेच असतात.

आयटीआय झालेल्यांसाठी यातली मेख आणखी बारीक आहे. नव्या नियमांनुसार जर्मन मान्यतेविना केवळ अनुभवावर नोकरी मिळवण्याचा मार्ग खुला झाला असला, तरी मूळ प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे आणि सरकारमान्य असावे, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव असावा आणि पगार ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी नसावा, अशा अटी आहेत. २०२५ साठी ही रक्कम वर्षाला ४३,४७० युरो होती. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हा ट्रेड दोन वर्षांचा असल्याने पहिल्या अटीत बसतो, तर वेल्डरचा ट्रेड एकच वर्षाचा असल्याने दहा वर्षे उत्तम वेल्डिंग केलेला कारागीरही तेथेच अडकतो. अशा माणसाला, विशेषतः वय कमी असेल तर, ‘आउसबिल्डुंग’ हा पर्याय उरतो: साधारण तीन वर्षे काही दिवस कंपनीत व काही दिवस शाळेत शिकायचे, आणि त्या काळात कंपनीकडून मासिक भत्ता घ्यायचा. त्यासाठी सहसा बी१ जर्मन मागतात. पदवीधरांसाठीच्या ब्लू कार्डची पगारमर्यादा २०२५ मध्ये ४८,३०० युरो आणि तुटवड्याच्या व्यवसायांत ४३,७५९.८० युरो होती. या मर्यादा दरवर्षी बदलतात. ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी आणि बी१ जर्मन येत असेल तर २१ महिन्यांतच कायम निवासाचा हक्क मागता येतो.

हाती नोकरी नसताना तिथे जाऊन ती शोधण्याची मुभा देणारे ‘शान्सेनकार्टे’, म्हणजे संधीपत्र, जून २०२४ पासून मिळू लागले आणि समाजमाध्यमांवरचा सगळा गाजावाजा याच कार्डाचा आहे. ज्यांची पात्रता पूर्ण मान्य झाली आहे त्यांना ते गुणांविना मिळते. इतरांना दोन वर्षांचे प्रशिक्षण किंवा पदवी, ए१ जर्मन अथवा बी२ इंग्रजी, आणि शिवाय किमान सहा गुण लागतात. अठ्ठावीस वर्षांच्या, ए१ जर्मन येणाऱ्या फिटरचा हिशेब मांडला तर वय पस्तिशीच्या आत असल्याचे दोन आणि गेल्या सात वर्षांत आपल्याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव असल्याचे तीन, असे पाच गुण होतात. ए१ भाषेने पात्रतेची अट भागली, तरी तिला वेगळा गुण नाही. ए२ ला एक गुण आहे. म्हणजे भाषेची आणखी एक परीक्षा, एवढ्यावर त्याचा अर्ज तरतो किंवा बुडतो.

कार्ड मिळाले तरी ते जास्तीत जास्त वर्षभराचे असते आणि त्या काळात आठवड्याला वीस तासच काम करता येते. मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करण्याची सोय तेवढी वेगळी आहे. निर्वाहाचा पुरावा म्हणून २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागत, आणि ही बारा-तेरा लाखांची रक्कम बहुधा ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरलेलाच हप्ता काढता येणाऱ्या खात्यात, आगाऊ भरली जाते. जमीन गहाण ठेवून ही रक्कम उभी करायची आणि ए१ च्या बळावर तिथे मुलाखती द्यायच्या, हा निर्णय धाडसाचा नसून चुकीचा आहे. ज्याची भाषा बी१ च्या पुढे गेली आहे आणि मान्यतेचे कागद हाती आहेत त्याच्यासाठी हे कार्ड उपयोगी, बाकीच्यांनी इथूनच अर्ज करून नोकरीचा करार आधी मिळवावा. करारातील पगाराचा आकडा कपातीपूर्वीचा असतो, हेही ध्यानात ठेवावे, कारण सरासरी पगाराच्या अविवाहित माणसाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा कर आणि विमा यांतच जातो.

या सगळ्या कागदांच्या गुंत्यातच एजंटांचा धंदा चालतो. भाषावर्ग, भाषांतर किंवा अर्ज भरून देणे यासाठी पैसे घेण्यात गैर काही नाही. पण परदेशी मालकासाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. नोंदणीकृत एजंटांची यादी मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि जर्मनीतील जागांची माहिती तेथील सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ या संकेतस्थळावर फुकट मिळते. पहिला हप्ता देण्यापूर्वी उमेदवाराने आणि त्याच्या घरच्यांनी या दोन्ही ठिकाणी एकदा पाहून घ्यावे.