तलावातलं प्रत्येक पांढरं फूल कमळ नसतं! रात्री उमलणाऱ्या कुमुदाची ही गोष्ट

भंडारा-गोंदिया : पावसाळा सरत आला की मामा तलावात आणि बोडीत पांढरी फुलं दिसू लागतात. गावात सगळे त्याला कमळच म्हणतात. पण त्यातली बरीच फुलं कमळ नसून कुमुद असतात. शास्त्रीय नाव निम्फिया प्युबेसन्स.

ओळखायला फूल नको, पान पुरे. कमळाचं पान ताटासारखं गोल, कुठेही चीर नाही, देठ बरोबर मधोमध, आणि मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाचं पान पाण्यावर पडून असतं. देठापाशी खोल चीर असते, कडेला करवतीसारखे दाते असतात आणि पान उलटं केलं तर खाली बारीक लव हाताला लागते. प्युबेसन्स या लॅटिन शब्दाचा अर्थच लव असलेलं.

दोघांचं नातंही जवळचं नाही. कमळाचं जवळचं भावबंद म्हणजे काश्मीरचा चिनार, हे ऐकून कुणालाही खोटं वाटेल, पण डीएनए तपासणीतून तेच निघालं. कुमुदाचं घराणं तर त्याहून जुनं. धान एका शाखेत आणि तूर दुसऱ्या शाखेत बसते. या दोन शाखा फुटायच्या आधीच कुमुदाचं घराणं वेगळं झालं होतं.

कुमुद चांदण्यात फुलतं असं जुने लोक सांगतात. ते फुलतं रात्रीच, पण त्यासाठी चंद्र लागत नाही. अवसेच्या रात्रीही ते उमलतं. अंधार पडू लागला की पाकळ्या उघडतात, सकाळी ऊन चढलं की मिटतात. एक फूल असं तीन-चार रात्री चालतं. निळं कुमुद मात्र दिवसा उमलतं, ती जात वेगळी.

या गटातल्या बऱ्याच फुलांची एक युक्ती आहे. पहिल्या उमलण्यात फुलाच्या मधल्या वाटीत चिकट पाणी साठतं. दुसऱ्या फुलावरून आलेला किडा त्यात घसरतो, अंगावरचे परागकण धुतले जातात आणि फळधारणेचं काम होतं. कधी कधी बिचारा किडा बुडूनही मरतो. पुढच्या वेळी पाणी आटतं आणि फूल स्वतःचे पराग सोडतं.

नंतर देठ वाकतो आणि फूल पाण्याखाली जातं. फळ तिथेच पिकतं, फुटतं. आतलं बारीक बी हवा धरून ठेवणाऱ्या मऊ आवरणामुळे थोडा वेळ तरंगतं, वाऱ्याबरोबर सरकतं आणि मग गाळात बसतं. म्हणजे बाजारात विकायला सगळीच फुलं खुडली तर त्या वर्षी बी पडणार कुठून?

तरी खरी भिस्त कंदावर असते. उन्हाळ्यात तलाव आटला, पानं सुकली तरी ओल्या गाळात कंद जिवंत राहतो. पाऊस पडला की नवी पानं वर येतात. देठात पोकळ नळ्या असतात, त्यातून वरची हवा गाळातल्या कंदापर्यंत पोचते.

इथेच आता अडचण आहे. गाळ शेताला सोनं आहे, तो काढलाच पाहिजे. पण पोकलेनने काठापासून काठापर्यंत खरवडलं तर कंद आणि बी दोन्ही ट्रॉलीत जातात. एका बाजूचा उथळ पट्टा तसाच सोडला तर शेतकऱ्याचं फार काही जात नाही. ग्रास कार्प म्हणजे गवत्या मासा सोडतानाही विचार हवा, कारण तो पाणवनस्पतीच खातो. या पानांवर कमळपक्षी चालतो, अंडी घालतो. पानांच्या सावलीत माशांची पिल्लं लपतात. त्यामुळे ढीवर बांधवांचाही यात संबंध आहेच. अर्थात कुमुदानं पूर्ण तलाव झाकून टाकला तर थोडं विरळ करावं लागतं, तेही खरं.

फूल उमलताना बघायचं असेल तर दिवस मावळताना काठावर बसा. पाण्यात उतरू नका, पोरांनाही उतरू देऊ नका. लांब देठ पायात गुंततात आणि खालचा गाळ पाय सोडत नाही.