इष्टुर फाकडा आणि पत्रातली निनावी माणसे

पेशवाईच्या कागदांत आणि मावळातल्या लोकांच्या तोंडी 'इष्टुर' नावाचा एक इंग्रज सरदार भेटतो. लोक त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणतात. वडगाव मावळ येथे त्याची समाधी दाखवली जाते आणि तिला मानही मिळतो. हा इष्टुर नेमका कोण, हा प्रश्न संशोधकांच्या करमणुकीचा आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जुन्या कागदावरचा लष्करी माणूस कसा ओळखावा हे आपण शिकलो, तर आपल्या घरांतल्या पेट्यांत पडून असलेले कागदही बोलू लागतील. शिवाय कागद कोणाला नाव देतो आणि कोणाला देत नाही, हेही उमजेल. म्हणून ती रीत येथे मांडतो.

पहिली गोष्ट उच्चाराची. मोडी लिहिणारा कारकून कानाने ऐकलेले नाव लिहीत असे. शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर आपल्या जिभेला जड जाते. स्टेशनचे 'इस्टेशन' होते, तसा स्टुअर्टचा 'इष्टुर' झाला. एल्फिन्स्टनचा 'अलपिष्टन' आणि गॉडर्डचा 'गाडर' याच वाटेने आले. म्हणून असे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. 'फाकडा' हे मात्र नावच नव्हे. तो शौर्याबद्दलचा किताब. मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे यांनाही तो लाभला होता.

दुसरी गोष्ट काळाची. पेशवाईच्या पत्रांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'तिसा सबैन मया व अलफ' म्हणजे नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज ११७९. हे वर्ष मृगापासून सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरच्या तारखेसाठी त्यात ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल १७७८-७९ चे. याच साली राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. कर्नल एगर्टन तिचा सेनापती होता. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट आघाडीच्या तुकडीबरोबर होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून तो मारला गेला. फौज ९ जानेवारीला तळेगावास पोचली, दोन दिवसांत मागे फिरली आणि वडगावला वेढली गेली. तेथेच इंग्रजांना तहावर सही करावी लागली. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात या स्टुअर्टचे फाकडेपण नोंदवले आहे.

येथे काम संपले असे वाटते. पण खरी अडचण येथेच आहे. वडगावच्या तहानंतर इंग्रजांनी दोन माणसे ओलीस दिली. एक फार्मर आणि दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट. हाही इष्टुरच! तेव्हा १७७९ च्या जानेवारीनंतरच्या एखाद्या पत्रात महादजी शिंद्यांच्या छावणीत जिवंत असलेला इष्टुर आढळला, तर तो फाकडा नव्हे. फाकडा कार्ल्यालाच पडला होता. म्हणून हुद्दा आणि तारीख नावाशी जोडून वाचावी. एक कप्तान, दुसरा लेफ्टनंट. एक मेलेला, दुसरा ओलीस.

मोगली कागदांत हा घोटाळा आणखी वाढतो, कारण तेथे पुष्कळदा नाव म्हणजे पदवीच असते. आमच्या कुरवंड्याच्या घाटाने १६६१ साली शाइस्ताखानाचा सरदार करतलबखान कोकणात उतरू लागला आणि २ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत कोंडले. पुढे बंगालचा दिवाण झालेल्या मुहंमद हादीलाही 'करतलबखान' हीच पदवी होती. मागाहून तो मुर्शिदकुलीखान म्हणून ओळखला गेला. दोन माणसे, चाळीस वर्षांचे अंतर, पदवी एकच. करतलबखानाबरोबर असलेली 'रायबागन' हीही पदवीच. ती बाई माहूरच्या देशमुख घराण्यातली होती.

कंपनीच्या काळातल्या कागदावर पलटणीचा आकडा असतो, आणि तोही फसवतो. भीमा कोरेगावला लढलेली पलटण त्या वेळी पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. १८२४ साली ती मुंबईची दुसरी रेजिमेंट झाली, १९०३ साली १०२ वी ग्रेनेडियर्स आणि १९२२ साली चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन. कागदाचे साल ठाऊक नसेल तर नुसत्या आकड्यावरून पलटण सांगता येत नाही. साल आणि आकडा जुळला, की छापील आर्मी लिस्टमध्ये त्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि बढतीची तारीख सापडते. या याद्यांपैकी पुष्कळ आता संगणकावरही पाहता येतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इष्टुराला शोधायला इतकी साधने आहेत, कारण तो साहेब होता. शत्रूनेही त्याला किताब दिला. परंतु त्याच्या फौजेत बहुसंख्य एतद्देशीय शिपाईच होते. मुंबईच्या पलटणींत आपल्या समाजाची माणसे अठराव्या शतकापासून होती. इंग्रजी कागद त्यांना 'परवारी' म्हणत. माघारीच्या वेळी कॅप्टन हार्टलीच्या हाताखाली पिछाडी सांभाळली ती शिपायांनी. हार्टलीचे नाव इतिहासात आले. शिपायांच्या नावांचा स्तंभ वडगावला उभा राहिला नाही. दुसऱ्या बाजूलाही हेच. गावोगावी सरकारी टपाल आणि बोजा पुढच्या गावाला पोचवणे हे वेठीचे काम महाराच्या माथी होते. पत्र लिहिणाऱ्याचे नाव पत्रावर आहे, ज्याला ते जायचे त्याचेही आहे. ज्याच्या पायांवर ते चालले त्याचे नाही. ही चूक कारकुनाची नव्हे, ती व्यवस्थेची शिस्त होती. ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

शिपायाला नाव देता येत नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. वडगावनंतर अवघ्या ३९ वर्षांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावची लढाई झाली आणि तेथल्या स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावे कोरली गेली. त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, ते कॅप्टन स्टाँटनच्या पराक्रमासाठी नव्हे; त्या नावांसाठी. विसाव्या शतकाच्या तोंडाशी महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहिले. त्या अर्जांचा आधारही हाच होता: आमचे पूर्वज लढले. हे म्हणायला नावे लागतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच. आजोबा-पणजोबांचा डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, एखाद्या साहेबाची शिफारसचिठ्ठी घरात असेल तर ती फेकू नका, देव्हाऱ्यात पुजूनही ठेवू नका. साहेबाचे नाव उच्चारून पाहा, हुद्दा पाहा, साल आणि पलटणीचा आकडा जुळवा. साहेब सापडला की पलटण कोठे होती, कोठे लढली हे सापडते, आणि त्या पलटणीबरोबर आपला माणूस कोठे होता हेही कळते. साहेबाला ओळखायचे ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी. मग त्या माणसाचे नाव, गाव आणि पलटण आपल्याच हाताने त्या कागदाच्या सोबत लिहून ठेवा. दोनशे वर्षांत ते दुसऱ्या कोणी लिहिले नाही.