रिफर्बिश्ड फोन : आधी भागाकार, मग खरेदी

आयफोन 13 भारतात 2021 साली 79,900 रुपयांना आला. आज तोच फोन रिफर्बिश्ड म्हणून निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि घेणाऱ्याला वाटतं, चाळीसेक हजार वाचले. हिशेब चुकतो तो इथेच. मूळ किंमत ही पहिल्या मालकाने भोगून संपवलेली गोष्ट आहे. दुसऱ्या मालकाच्या पदरात पडतं ते उरलेलं आयुष्य. म्हणून सवलतीचा आकडा बाजूला ठेवून मागितलेली किंमत फोनच्या उरलेल्या वर्षांनी भागावी.

ही वर्षं ठरतात सिक्युरिटी अपडेटवर, आणि त्यांचं घड्याळ आपण फोन घेतो तेव्हा नाही, तर मॉडेल बाजारात येतं तेव्हाच सुरू होतं. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस 21 आला जानेवारी 2021 मध्ये, त्याचे सिक्युरिटी अपडेट पाच वर्षांचे. गॅलॅक्सी एस 24 आला 2024 च्या जानेवारीत, पण सात वर्षांच्या वायद्यासह, म्हणजे थेट 2031 पर्यंत. काउंटरवर दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. अपडेट थांबले म्हणून फोन बंद पडत नाही, हे खरं. पण नव्याने सापडणारी छिद्रं मग बुजवली जात नाहीत, आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय आणि बँकेचं ॲप असतं. समजा, 18,000 रुपयांच्या रिफर्बिश्ड फोनची दोन वर्षं उरली आहेत, तर तो वर्षाला 9,000 ला पडला. चार वर्षं अपडेट मिळणारा 16,000 चा कोरा फोन पडतो 4,000 ला. उलट, दोन-अडीच वर्षं वापरलेला वरच्या श्रेणीचा फोन 35,000 ला मिळाला आणि त्याची पाच वर्षं शिल्लक असतील, तर वर्षाचे 7,000 होतात. कोऱ्या स्वस्त फोनपेक्षा हे जास्तच आहेत, पण कॅमेरा, स्क्रीन आणि वेग यांची ज्याला खरोखर गरज आहे त्याला त्या दर्जाचा नवा फोन या भावात मिळणार नाही.

भागाकाराआधी किमतीत बॅटरी बदलण्याचा खर्चही धरायला हवा. आयफोन 14 पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के उरावी, अशा बेताने बनवलेली असते. रोज एक पूर्ण चार्ज वापरणाऱ्याचे 500 चार्ज सुमारे दीड वर्षात होतात. विक्रेते ‘उत्तम’, ‘चांगला’ अशी जी प्रतवारी लावतात, ती मुख्यतः ओरखड्यांची असते. बॅटरीचं त्यावरून फारसं कळत नाही.

जुन्या फोनमध्ये फसवणूक होते, हा आक्षेप रास्त आहे, पण बरीचशी फसवणूक दुकानातच पकडता येते. सिमचा ट्रे बाहेर काढून आत टॉर्च मारा: आयफोनमध्ये तिथली बारीक खूण लाल झालेली असेल, तर आत पाणी गेलेलं आहे. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये बॅटरी किंवा डिस्प्ले बदलला आहे का आणि तो अस्सल आहे का, हे आयफोन 13 स्वतःच सांगतो. *#06# डायल करून आलेला आयएमईआय क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर टाकला, की तो काळ्या यादीत आहे का ते कळतं. एक गोष्ट मात्र तपासता येत नाही: एकदा उघडलेला फोन पाण्यापुढे पूर्वीइतका टिकेल की नाही, हे बाहेरून दिसत नाही. तो वॉटरप्रूफ नाही असंच धरून चालावं.

पर्यावरणाचा मुद्दा पोकळ नाही. ॲपलच्याच अहवालानुसार आयफोन 13 च्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सुमारे 80 टक्के वाटा उत्पादनाचा आहे, त्यामुळे बनलेला फोन जितका जास्त चालेल तितकं बरं. पण वर्षभरात अडगळीत जाणारा फोन घेऊन हे पुण्य पदरी पडत नाही.

तेव्हा माझं मत असं: वरच्या श्रेणीतला, तीन वर्षांच्या आतला फोन खुशाल घ्या, वीस हजारांच्या आतला अँड्रॉइड हवा असेल तर नवाच घ्या. आणि आयएमईआय लिहिलेलं बिल व किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर फोन कितीही स्वस्त असो, तिथून निघा.