बिरसीच्या छपरावरची तबकडी

गोंदिया जिल्ह्यातलं बिरसी विमानतळासाठी ओळखलं जातं; पण टीव्हीच्या लहरी समजून घ्यायलाही हे गाव उत्तम. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण ५० किलोमीटरपर्यंतच नीट पोचतात. असा मनोरा नागपूरला असला, तरी ते त्याच्या दुपटीहून दूर. म्हणून इथे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रहच भरवशाचा. २००४ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेसाठी आज बिरसीत तबकडी दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर रोखावी लागते. मोबाइल असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. मुसळधार पावसात चित्र जातं, हेही खरं. पण मोबाइलवर प्रेक्षक वाढले की जाळ्यावर ताण येतो. उपग्रहाला एक घर काय नि लाख घरं काय, लहर तीच. शाळांनी मुलांना तबकडी जुळवायला जरूर शिकवावं.