सर्व्हरच्या पोटातला दुभाष्या

ब्राउझरमध्ये एखादा पत्ता लिहिला असता दूरच्या संगणकावरील जो प्रोग्रॅम आपली मागणी स्वीकारून पान रवाना करतो, तो वेब सर्व्हर. आणि पान अगोदरच लिहून ठेवलेले असेल तर त्याचे काम फाइल उचलून धाडण्यापलीकडे फारसे नसते. परंतु खात्यावरील शिल्लक किंवा गाडीतील रिकाम्या जागा अशी जी माहिती मागणाऱ्यागणिक बदलते, तिचे पान मागणी आल्यावरच घडवावे लागते, आणि त्यासाठी पर्लसारख्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट वाचून ती तत्क्षणी अमलात आणणारा इंटरप्रिटर हाताशी असावा लागतो.

1993 साली रूढ झालेल्या सीजीआय पद्धतीत हा इंटरप्रिटर सर्व्हरच्या बाहेर राहत असे. कचेरीत प्रत्येक अर्जासाठी दुभाष्याला घरून बोलावून आणावे, त्याने बैठक मांडावी, कायदेपुस्तक पहिल्या पानापासून वाचावे, चार ओळींचा जबाब लिहून द्यावा आणि लागलीच त्याला कायमचा निरोप मिळावा, तशातला हा कारभार होता. प्रत्येक मागणीस नवी प्रोसेस जन्माला येई, पर्ल मेमरीत चढे, स्क्रिप्टचे नव्याने संकलन होई, आणि एवढ्या सिद्धतेपुढे प्रत्यक्ष काम पुष्कळदा नगण्य ठरे.

1995 साली अवतरलेल्या अपाची सर्व्हरचा सोर्स कोड सर्वांस खुला होता आणि त्यात बाहेरच्यांनी लिहिलेली मॉड्यूले जोडण्याची तजवीजही होती. त्यामुळे 1996 मध्ये मॉड-पर्लचा उपक्रम सुरू झाला, आणि डग मॅकएकर्न यांनी त्याचा विस्तार केला, तेव्हा त्यासाठी कोणाचीही परवानगी मागावी लागली नाही. पर्लचा इंटरप्रिटर आता अपाचीच्या प्रोसेसमध्येच वास्तव्यास आला. स्क्रिप्ट एकदा संकलित झाली की मेमरीत राही, आणि पुढच्या मागण्यांना तीच उपयोगी पडे.

वेग वाढला, पण काम आटोपताच मरणे हा जुन्या स्क्रिप्टांचा जो स्वभाव होता, त्याच्याच आधारावर त्यांच्या लेखकांचा निष्काळजीपणा आजवर खपून गेला होता, हे यानंतर उघडकीस आले. मॉड-पर्ल जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवताना तिला एका सबरूटीनचे वेष्टन घालीत असे; त्यामुळे स्क्रिप्टच्या आरंभी घोषित केलेले व्हेरिएबल आतल्या एखाद्या सबरूटीनने वापरले असेल, तर ती पहिल्या मागणीच्या वेळची किंमतच धरून बसे. परिणामी दुसऱ्या ग्राहकाच्या पानावर पहिल्या ग्राहकाचे नाव उमटे. त्यातही अपाचीच्या अनेक प्रोसेसांपैकी प्रत्येकीचा पहिला ग्राहक निराळा, म्हणून तेच पान पुनःपुन्हा मागवले असता कधी एकाचे नाव येई, कधी दुसऱ्याचे, आणि दोष शोधणाऱ्यास सर्व्हर मुद्दाम एकाच प्रोसेसवर चालवून पाहण्यावाचून गत्यंतर नसे. शिवाय पर्ल पोटात घेऊन स्थूल झालेली प्रोसेस एवढेसे चित्र धाडण्यातही अडकून पडे; म्हणून जाणते लोक पुढे एक हलका सर्व्हर ठेवून मॉड-पर्लला मागे बसवीत.

इगोर सिसोएव्ह यांनी 2004 साली एन्जिन-एक्स हा वेब सर्व्हर सर्वांस खुला केला, आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. येथे एकच वर्कर प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळते, आणि जिच्यावर काही घडले तिच्याकडेच लक्ष देते. अशा ठिकाणी एखादी स्क्रिप्ट डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत थांबली, तर तिच्यापायी बाकीच्या साऱ्या मागण्या तिष्ठत राहणार.

येथे उपयोगी पडली ती लुआ भाषा. रिओ दि जानेरोच्या पॉन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठात रॉबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी 1993 साली ती निर्माण केली, ती पेट्रोब्रास या तेलकंपनीच्या अभियंत्यांच्या गरजा नजरेसमोर ठेवून, आणि मुळातच दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये राहण्यासाठी. पर्लला परक्या घरात सामावून घ्यावे लागले. लुआचा सबंध इंटरप्रिटर मात्र सी भाषेतील एक छोटी लायब्ररी आहे, आणि माझ्या मते सोयीची अर्धी किल्ली या जन्मजात पाहुणेपणातच आहे. उरलेली अर्धी तिच्या कोरूटीनमध्ये. यीचुन झांग यांनी एन्जिन-एक्समध्ये लुआ बसवून घडवलेल्या ओपनरेस्टीमध्ये प्रत्येक मागणीला स्वतंत्र कोरूटीन मिळते. लेखक ‘जोडणी कर, प्रश्न विचार, उत्तर घे’ असा सरळ क्रम लिहितो, आणि वाट पाहण्याचा क्षण येताच कोरूटीन त्याच ओळीवर थबकून वर्करला इतर कामांस मोकळे करते. उत्तर आले की त्याच ओळीपासून पुढे निघते.

ही सवलत सर्व्हरला कळणाऱ्या प्रतीक्षेपुरतीच आहे. स्क्रिप्टने लांबलचक आकडेमोड मांडली, किंवा लुआची सर्वसाधारण सॉकेट लायब्ररी वापरून परस्पर नेटवर्कशी बोलणे सुरू केले, तर सर्व्हरला त्याची वार्ता लागत नाही आणि सबंध वर्कर जागच्या जागी खोळंबतो. यास्तव ओपनरेस्टीने स्वतःची निराळी सॉकेट व्यवस्था उभारली, आणि मायएसक्यूएल, रेडिस आदी डेटाबेसांशी संवाद साधणाऱ्या लायब्रऱ्या तिच्यावर नव्याने लिहिल्या गेल्या.